ओला हात आणि नऊ व्होल्ट

मध्यम लहरींवर बोलणारा छोटासा ट्रान्समीटर घरच्या घरी जोडण्याचे किट आता कुणकेश्वरसारख्या गावातही कुरिअरने येऊन पडते. पूर्वी त्यासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून फिरावे लागे. खोक्यात हिरवी पट्टी, दोन-तीन ट्रान्झिस्टर, फेराइटच्या कांडीवर गुंडाळायची तांब्याची तार, एक गँग कंडेन्सर, वाटाण्याएवढा माइक आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी, एवढाच ऐवज असतो. सुट्टीतले दोन दिवस पोर त्याला चिकटून बसते आणि एका संध्याकाळी ओटीवरच्या जुन्या रेडिओतून त्याचाच आवाज येतो. घरादाराला कौतुक वाटते. मग आजी किंवा आई काळजीने विचारते, ‘याच्या लहरी पोराला बाधणार तर नाहीत?’

प्रश्न मायेपोटी आहे, पण राखण चुकीच्या वाटेवर बसली आहे. लहरींना भिणाऱ्या याच घरात पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरचा प्लग ओल्या हाताने काढला जातो, अर्थिंगची तार गंजून तुटली आहे की काय हे कोणी पाहिलेले नसते, आणि पोराने बॅटरी संपली म्हणून पट्टीला कसलातरी चार्जर जोडला तर त्याच्या हुशारीचे कौतुकच होते. अशा किटमध्ये माणसाला मारू शकणारी गोष्ट एकच आहे आणि ती खोक्यात येत नाही. ती घरच्या भिंतीत आधीपासून असते.

लहरींचा हिशेब अगदी सोपा आहे. ट्रान्झिस्टर आणि गुंडाळी मिळून सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा हेलकावणारा विद्युतप्रवाह तयार करतात. ही वाहक लहर. माइकमधला आवाज या लहरीची उंची कमी-जास्त करतो आणि रेडिओ त्या चढउतारांतून आवाज परत वेगळा काढतो. एएम म्हणजे एवढेच. शंभर मिलिवॉटच्या किटमधून बाहेर पडणारी शक्ती एका वॉटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून ८० ते १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते, त्याच्या शेजारी या आकड्याची काय कथा! शिवाय मध्यम लहरीच्या एका कणात दृश्य प्रकाशाच्या कणाच्या सुमारे पन्नास कोटीव्या भागाएवढीच ऊर्जा असते. क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील रेणू तोडण्याची ताकद तिच्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कर्करोगाशी कदाचित संबंध असू शकेल’ अशा गटात टाकले, हे खरे. पण त्या निर्णयामागे मुख्यतः डोक्याला लावून वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या मोबाइलवरचा मर्यादित आणि वादग्रस्त पुरावा होता. खोलीभर ऐकू येणाऱ्या किटला तो लावून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

हे किट खोलीभरच का ऐकू येते, हेही समजून घ्यायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातूनच सुरू होते. कोकणात रत्नागिरी आकाशवाणीची ओळख ज्या ११४३ किलोहर्ट्झने झाली, त्या लहरीची लांबी सुमारे २६२ मीटर आहे. ती नीट प्रसारित करायची तर एरियल निदान तिच्या पाव हिश्श्याचा, म्हणजे साधारण ६५ मीटर उंच असावा लागतो. आकाशवाणीचे मनोरे एवढे उंच असतात ते यामुळे. पोराच्या हातात दीड-दोन मीटर वायर असते. मिळालेल्या शक्तीतला फारच थोडा भाग त्यातून बाहेर पडतो, बाकीची तारेत आणि जमिनीत जिरून जाते. आवाज मागच्या पडवीपर्यंत जातो, फार तर गडग्यापलीकडे.

आणि मुलाला तो पुढच्या वाडीत ऐकू जायला हवा असतो.

ही इच्छा नैसर्गिक आहे. मुंबईच्या रेडिओ क्लबमधल्या हौशी मंडळींनी जून १९२३ मध्ये भारतातले पहिले नियमित म्हणता येईल असे प्रसारण सुरू केले, त्यामागेही दुसरे काय होते? पण लांब जाण्याच्या तीन वाटा आहेत: जास्त व्होल्ट, जास्त उंच तार, जास्त शक्ती. तिन्ही वाटांवर धोका आहे आणि प्रत्येक वाटेवरचा वेगळा आहे.

पहिली वाट भिंतीतल्या प्लगकडे जाते. नऊ व्होल्टची बॅटरी कोरड्या हातांत धरली तर काहीही होत नाही. घरातल्या २३० व्होल्टचे तसे नाही. कोरड्या त्वचेचा विरोध दहा हजार ओहम किंवा त्याहूनही बराच जास्त असू शकतो. घामाने, पाण्याने किंवा खाऱ्या दमट हवेने भिजलेल्या त्वचेचा तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली तार सोडता येत नाही; बघणाऱ्याला वाटते विजेने माणूस ओढून धरला. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेले तर हृदयाची लय मोडू शकते. हृदय एकदम थांबते असे नव्हे. त्याचे स्नायू एका तालात आकसण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो, आणि मेंदूला इजा होऊ लागायला चार-पाच मिनिटे पुरतात. देवगडचे ग्रामीण रुग्णालय तेवढ्या वेळात गाठणे कुणकेश्वरहून शक्य नाही.

‘पण किट तर चार्जरवर चालते, चार्जर पाचच व्होल्टचा’ असे उत्तर हमखास मिळते. चांगल्या चार्जरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीतली वीज आणि बाहेर येणारी वीज यांच्यात थेट तार नसते. बाजारात अगदी स्वस्तात मिळणाऱ्या काही जोडण्यांत, बल्बच्या पट्ट्यांत आणि खेळण्यांच्या पुरवठ्यात मात्र तो नसतोच. एक कंडेन्सर व्होल्ट कमी करून दाखवतो. मीटरवर पाच किंवा बारा दिसतात, पण सर्किटची ‘जमीन’ म्हणून समजली जाणारी बाजू भिंतीतल्या फेजला जोडलेली असू शकते. माइकच्या धातूच्या कडेला बोट लावून, अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून ‘हॅलो हॅलो’ म्हणणाऱ्या मुलाच्या अंगातून मग वीज जमिनीत उतरायला मोकळी वाट मिळते. माळ्यावरचे जुने व्हॉल्व्हचे रेडिओ तर याहून वाईट. त्यातल्या कित्येकांच्या पत्र्यालाच वीज येते, आत दोन-अडीचशे व्होल्ट खेळतात, आणि प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर बराच वेळ ती धरून बसतात. ‘बंद केला होता, तरी शॉक लागला’ या तक्रारीमागे भूत नसून कंडेन्सर असतो. हौशी पोरे नेमकी याच पेट्या उघडतात, कारण जास्त शक्तीचा ट्रान्समीटर व्हॉल्व्हवर करता येतो असे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते.

अपघात झालाच तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे. आधी मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने, स्वतः कोरड्या जागी उभे राहून तार दूर करायची. माणसाला हाताने ओढायचे नाही, नाहीतर एकाचे दोन होतात. श्वास चालू नसेल किंवा अधूनमधून नुसता आचका येत असेल तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करायची. मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. शाळकरी मुलात सुमारे पाच सेंटिमीटर, लहानग्याला एकच हात पुरतो. मदत पोचेपर्यंत थांबायचे नाही. बरगडी मोडेल ही भीती दूर ठेवावी, ती जुळते. धक्का बसून माणूस बेशुद्ध झाला असेल, छातीत धडधडत असेल, अंगावर भाजल्याची खूण असेल किंवा बाई गरोदर असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हटले तरी ईसीजी काढून घ्यावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडायचे. टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काहीही नको. ते खरवडून काढताना रुग्णाला पुन्हा एकदा भाजल्यासारखे होते.

या सगळ्यावरचा प्रतिबंध एका साध्या स्विचच्या किमतीत मिळतो. आरसीसीबी, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात, तो ३० मिलिअँपिअरचा असावा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. घरी दोन-दोन एसी बसले, पण हा स्विच नाही, असे चित्र किनाऱ्यावर दुर्मीळ नाही.

दुसरी वाट माडावर चढते. उंच तार हवी तर दारचा माड हाताशीच असतो. वायरच्या टोकाला दगड बांधून तो झावळ्यांवरून पलीकडे फेकायचा, हा प्रकार कोणत्याही मुलाला न शिकवता येतो. माडापलीकडून महावितरणची ११ हजार व्होल्टची वाहिनी गेलेली असेल तर त्या फेकीचा शेवट काय, हे लिहायला नको. अशा वाहिनीला चिकटण्याचीही गरज नसते. ओली तार जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. या दाबाच्या धक्क्यात वरचे भाजणे कमी दिसते आणि आतले स्नायू शिजलेले असतात. लघवीचा रंग चहासारखा गडद होतो, मूत्रपिंडे बंद पडू शकतात, कधी हात काढावा लागतो.

उंच तार विजेलाही आमंत्रण देते. एप्रिल-मे महिन्यात वळिवाच्या सुमारास मध्यम लहरींवर रेडिओ कडकड करू लागतो. ती दूरवर पडणाऱ्या विजांचीच कडकड असते. एएमचा हा दोष इथे उपयोगी आहे. खरखर वाढू लागली की एरियल सर्किटपासून सोडवून घराबाहेर टाकायचा आणि कानावरचे हेडफोन काढायचे. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप तिची आगाऊ सूचना देते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहते ही समजूत खोटी आहे. त्याला हात लावता येतो आणि लगेच लावावा, कारण छाती दाबून वाचण्याची शक्यता अशा रुग्णांत चांगली असते. त्याला मातीत पुरून ठेवण्यात ती वेळ निघून जाते.

डाख देण्याबद्दल थोडक्यात. नेहमीच्या सोल्डरमध्ये साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे असते. सोल्डरिंगच्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. डोळ्यांत आणि छातीत जाणारा धूर राळेचा असतो. तो दमेकऱ्याला त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी हवी. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, जेवणाच्या पाटावर किंवा ओट्यावर डाख देऊ नये, आणि रांगते बाळ असलेल्या घरात जमिनीवर पडलेले थेंब ओल्या फडक्याने टिपावेत. शिशाची सुरक्षित मात्रा अशी काही नसते आणि लहान मुलांच्या आतड्यांतून ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषले जाते. शिसेविरहित सोल्डर मिळते, जरा जास्त तापवावे लागते, एवढेच.

तिसरी वाट समुद्राकडची. तिच्यावरचा धोका पोराला होत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. मध्यम लहर जमिनीला धरून पसरते, आणि ती किती दूर जाईल हे खालच्या जमिनीवर ठरते. जांभ्याच्या कोरड्या सड्यावर ती लवकर विरते. खारे पाणी मात्र अशा जमिनीच्या हजारो पट चांगले विद्युतवाहक आहे. त्यामुळे वाढवलेल्या शक्तीचा जो आवाज सड्यावरच्या पुढच्या वाडीत धड पोचत नाही, तो कुणकेश्वरच्या पुळणीवरून पाण्यावर मात्र कितीतरी लांब जाऊ शकतो. आणि साध्या किटमधून फक्त ठरवलेली लहर बाहेर पडते असे नाही. चांगली गाळणी नसलेल्या ट्रान्समीटरमधून तिच्या दुपटीच्या, तिपटीच्या लहरीही निघतात. कोणी गँग फिरवता फिरवता १०९१ किलोहर्ट्झवर थांबला तर त्याची दुप्पट होते २१८२. समुद्रावर संकटात सापडलेल्यांनी तोंडी हाक देण्यासाठी जगभर राखून ठेवलेली ही फ्रिक्वेन्सी. मोठ्या जहाजांवर ती अखंड ऐकत बसण्याची सक्ती १९९९ मध्ये उठली आणि मच्छीमार बोटींवर आता बहुतेक व्हीएचएफ संच असतात. तरीही त्या जागी कोणाचे गाणे वाजणे बरे नव्हे. नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’ आणि मे २०२१ मधले ‘तौक्ते’ ज्या किनाऱ्याने पाहिले, तिथे हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. तौक्तेनंतर वीज आणि मोबाइल गेलेल्या गावांत सेलवरचा रेडिओच काय तो बोलत होता.

म्हणून परवाना. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा यांनुसार परवानगीशिवाय प्रसारण करता येत नाही. परदेशी किटच्या पत्रकावर ‘शंभर मिलिवॉट आणि तीन मीटर तार, परवान्याची गरज नाही’ असे छापलेले असते. तो अमेरिकेचा नियम आहे, इथे लागू नाही. यावर कोणीतरी उषा मेहतांचे नाव घेतोच. २७ ऑगस्ट १९४२ पासून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला आणि १२ नोव्हेंबरला पकडले जाऊन तुरुंगवास भोगला. याच जिल्ह्यातल्या आंबोलीच्या जंगलातून नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ट्रकमध्ये ट्रान्समीटर ठेवून गोव्याच्या मुक्तीसाठी प्रसारण सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकला हलले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत चालले. ती माणसे परक्या सत्तेविरुद्ध उभी होती आणि पकडले गेल्यास काय होईल हे जाणून होती. पुढच्या वाडीतल्या मित्राला सिनेमाचे गाणे ऐकवणाऱ्याने त्यांचा आधार घ्यावा, हे जरा जास्तच झाले.

मग मुलाकडून किट काढून घ्यावे का? मुळीच नाही. आधी त्याच्याकडून रिसीव्हर करून घ्यावा. त्याला परवाना लागत नाही, एवढेच काय, ऐंशीच्या दशकापर्यंत नुसत्या ऐकण्यासाठीही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागत असे हे त्याला सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. ट्रान्समीटर जोडायचा तो शाळेच्या प्रयोगशाळेत, परवानाधारक हॅमच्या देखरेखीखाली, बॅटरीवर, आणि एरियलच्या जागी ५० ओहमचा रोध लावून. शक्ती त्या रोधात उष्णता होऊन जिरते. शेजारी ठेवलेल्या रेडिओत तरीही आवाज येतो आणि मॉड्युलेशन म्हणजे काय ते पुरते कळते. जिल्ह्यातल्या शाळा विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या प्रतिकृती वर्षानुवर्षे मांडतात. एखाद्या वर्षी हॅमला बोलवायला हरकत नसावी.

ज्याला खरोखर लांब बोलायचे आहे त्याच्यासाठी हॅमचा परवाना आहे. वयाची अट फक्त बारा वर्षे. परीक्षेत रेडिओचे मूलतत्त्व आणि नियम विचारतात. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचा वेग पुरतो. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानमध्ये बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्यांत हे हौशी लोक होते. हॅमना मिळणारा १६० मीटरचा पट्टा मध्यम लहरींच्या अगदी शेजारी आहे, पण नवशिक्याने ४० मीटरपासून सुरुवात करावी. तिथे पाव लांबीची तार जेमतेम दहा मीटर होते, दारच्या माडाहून कितीतरी बुटकी, आणि मोकळ्या खळ्यात, वीजवाहिनीपासून लांब, दोन बांबूंवर ती सहज उभी राहते. तेवढ्या तारेवर, थोड्याशा वॉटमध्ये, दुपारच्या वेळी कुणकेश्वरातून मुंबई-हैदराबादचे हॅम बोलायला सापडू शकतात.